सातू, हॉप्स आणि पंधरा दिवसांची सबुरी

आई चिपळूणहून पहिल्यांदा आमच्याकडे पोर्टलंडला आली, तेव्हा एका शनिवारी सकाळी वासाचा माग काढत ती गॅरेजपर्यंत पोचली. थर्मासच्या जातीच्या एका मोठ्या पिंपात मी साडेचार किलो भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात कालवत होते. तिनं पिशवीत उरलेली चिमूटभर भरड तोंडात टाकली, जरा चघळली आणि म्हणाली, "अगं, हे मोड आणून वाळवलेलं दिसतंय. सत्त्वाचं करतेस की काय?"

घरी बीअर करायला लागून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. पुस्तकं वाचून मॉल्ट म्हणजे काय हे मी शिकले होते, पण आईनं ते एका वाक्यात आमच्या चिपळूणच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. नाचणीचं सत्त्व करताना ती नाचणी भिजत घालते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते आणि दळते. मॉल्ट करणारे कारखाने सातूचं, म्हणजे जवाचं, हेच करतात. धान्य भिजवायचं, चार-पाच दिवस अंकुर फुटू द्यायचे आणि मग गरम हवेवर वाळवून ती वाढ तिथेच थांबवायची.

मोड आणायचे कशासाठी, तर दाण्यात स्टार्च ठासून भरलेला असतो आणि यीस्टला तो खाता येत नाही, त्याला साखर लागते. कोंबालाही साखरच लागते. म्हणून मोड येऊ लागला की दाणा स्वतःच अमायलेज नावाची एन्झाइम तयार करतो. स्टार्चच्या लांबलचक साखळ्या कापून त्यांची साखर करणं हे त्यांचं काम. आपण नेमक्या वेळी दाणा वाळवतो, कोंब मरतो, एन्झाइम मात्र कोरड्या दाण्यात टिकून राहतात. बाळाला सत्त्वाची पेज सोसते आणि साध्या पिठाच्या पेजेइतकी ती घट्ट होत नाही, त्यामागेही हेच अमायलेज आहे. मॉल्ट किती भाजावं यावर बीअरचा रंग ठरतो. हलकं वाळवलं तर सोनेरी, जास्त भाजलं तर तांबूस, कॉफीसारखं काळं भाजलं तर स्टाउट ही काळी बीअर.

त्या सकाळी पिंपात 67 अंश सेल्सिअस तापमान होतं. घरच्या बीअरमध्ये हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साठ ते पासष्टच्या दरम्यान बीटा-अमायलेज जोरात असतं. ते साखळीच्या टोकाकडून माल्टोजचे तुकडे तोडत जातं, आणि ही साखर यीस्ट पूर्ण खातं. सत्तरीच्या जवळ अल्फा-अमायलेजचा अंमल सुरू होतो. ते साखळी मधूनच कुठेही तोडतं, त्यामुळे यीस्टला न खाता येणारे मोठे तुकडे मागे राहतात आणि बीअरला जाडी येते. पासष्टला ठेवली तर बीअर कोरडी, सडसडीत होते. एकोणसत्तरला ठेवली तर भरीव. ऐंशीच्या वर नेली तर थोड्याच वेळात दोन्ही एन्झाइम निकामी होतात आणि हातात पिठूळ पाणी राहतं. चार अंशांच्या फरकानं त्याच धान्याची वेगळी बीअर होते. अमुक एक महागडं मॉल्ट कुठे मिळेल असं मला कुणी विचारलं की मी आधी थर्मामीटर कुठला आहे ते विचारते.

तासाभरानं मी बशीत चमचाभर पाणी घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. स्टार्च उरला असेल तर तो निळाकाळा पडतो. थेंब तपकिरीच राहिला. आईनं बोट बुडवून चव घेतली. "हॉर्लिक्ससारखं लागतंय," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं, कारण हॉर्लिक्सही मॉल्टचंच. मग पिंपाचा नळ उघडून ते गोड पाणी गाळून घेतलं आणि उरलेल्या धान्यावरून पुन्हा गरम पाणी ओतून राहिलेली साखर धुऊन काढली. या पाण्याला वर्ट म्हणतात. मागे राहतो तो ओला चोथा. मी तो ओव्हनमध्ये वाळवून दळते आणि थालीपिठाच्या भाजणीत मूठभर घालते. साखर निघून गेलेली असते, पण प्रथिनं आणि तंतू भरपूर असतात, आणि खरपूसपणा येतो तो वेगळाच.

पुढचा तासभर वर्ट उकळायचं आणि त्यात हॉप्स घालायच्या. हॉप म्हणजे एका वेलीची मादी फुलं, हिरव्या कागदी शंकूंसारखी. शंकू मधोमध फाडला तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड दिसते. सगळी मातब्बरी त्या पुडीत आहे. तिच्यातली अल्फा आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळी लागली की त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि कडू होतात. म्हणून कडूपणासाठीच्या हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घालायच्या आणि वासासाठीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, कारण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. फोडणीतली मोहरी आणि वरून पेरायची कोथिंबीर यांच्या वेळा आपण जशा पाळतो, तसंच हे. या कडू आम्लांनी आंबटपणा आणणारे लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणूही आटोक्यात राहतात. विरजणात आपल्याला हवे असतात त्याच जातीचे हे जिवाणू, पण बीअरमध्ये ते नासाडी करतात. घरात कुत्रा असेल तर एक गोष्ट विसरू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, त्यामुळे त्यांचा चोथा उघड्यावर टाकू नये.

आमच्या ओरेगनला या फुलाचा अभिमान आहे. कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत केंद्रीय कृषी खात्याच्या संशोधकांनी विकसित केलेली 'कॅस्केड' ही जात 1972 साली लागवडीसाठी खुली झाली. आंबटगोड चकोत्र्याच्या सालीचा वास तिला येतो. अमेरिकन पेल एल या बीअरची म्हणून आज जगभर ओळखली जाते ती चव मुख्यतः या जातीची आहे.

पाण्याचंही एक सांगायला हवं, कारण त्यात मी पहिल्या वर्षी फसले. आमच्याकडचं नळाचं पाणी अतिशय मऊ आहे, पण ते क्लोरामीननं शुद्ध केलेलं असतं. क्लोरीनच्या या जातीचा बीअरमधल्या फिनॉल्सशी संयोग झाला की दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास येतो. माझ्या पहिल्या तिन्ही खेपांना तो होता आणि मी उगीच यीस्टला दोष देत बसले. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक गोळी पाण्यात विरघळवली की काही मिनिटांत प्रश्न मिटतो. पाण्यानं बीअरचे प्रकार घडवले आहेत. बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणी फार मऊ, म्हणून तिथली बीअर फिकट आणि नाजूक झाली. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्समचं प्रमाण मोठं, त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, धारदार लागतो. हिंदुस्थानात पाठवण्यासाठी जी हॉपदार पेल एल एकोणिसाव्या शतकात गाजली, तिचं मोठं केंद्र बर्टनच होतं.

उकळलेलं वर्ट तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी फिरवून वीस अंशांवर आणायचं. इथून पुढे मात्र प्रत्येक गोष्टीला स्वच्छतेचे नियम लागू होतात. उकळताना जंतू मेलेले असतात. गार झालेलं गोड पाणी म्हणजे हवेतल्या कुठल्याही जंतूला उघडलेलं अन्नछत्र. भांडं, नळी, बूच, चमचा, जे म्हणून त्याला लागेल ते जंतुनाशक द्रावणातून काढलेलं हवं. नुसतं घासलेलं चालत नाही. सोवळ्याची शिस्त आईला सांगावी लागली नाही. तिनं हात धुतले, केस बांधले आणि झाकण धरून उभी राहिली. मी साडेअकरा ग्रॅम कोरड्या यीस्टचं पाकीट कापून वर्टवर भुरभुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकणावरच्या एअरलॉकमधून बुडबुडे यायला लागले. पाणी भरलेल्या या छोट्या नळीतून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. भांड्यात वर जाड पिवळट फेस चढला होता आणि खाली सगळं ढवळत होतं, कुणी ढवळत नसताना. बीअर खरं तर इथे तयार होते. आतापर्यंत मी केलं ते फक्त सातूचं गोड पाणी. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं, शिवाय फळांचे वास देणारी एस्टर्सही. हे काम करताना ते उष्णता सोडतं, त्यामुळे भांड्यातलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वर जातं. साध्या एल यीस्टला 18 ते 20 अंश मानवतात. पंचवीसच्या वर गेलं तर डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं वाढतात. म्हणून मी भांडं पाण्याच्या टबात ठेवते आणि पहिले तीन दिवस पाण्यात गोठवलेल्या बाटल्या टाकत राहते. पहिल्या तीन दिवसांची ही राखण केली की निम्मी बीअर साधली, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं जिवंत पेशींचं काम आहे हे कळायला माणसाला हजारो वर्षं लागली. लुई पाश्चरनं 1876 साली बीअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिघडलेल्या बीअरमागे परके जंतू असतात हे दाखवून दिलं. पुढे 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानं एका पेशीपासून यीस्टचं शुद्ध वाण वाढवलं. कार्ल्सबर्गनं ते कुलूपबंद करून ठेवलं नाही, इतर बीअरवाल्यांना मोफत दिलं. आज मी दुकानातून पाकीट आणते, ते त्या औदार्याच्या वाटेनं आलेलं आहे.

यीस्टचं काम संपलं की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवू नये. त्यासाठी द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड आहे ते दाखवणारा हायड्रोमीटर असतो. गोड पाणी साध्या पाण्यापेक्षा जड. त्या दिवशी सुरुवातीचा आकडा 1.050 होता, दोन आठवड्यांनी तो 1.010 वर आला. दोन्हींच्या फरकाला 131 नं गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण निघतं, इथे साधारण सव्वापाच टक्के. लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरायच्या.

हा नियम मी एका हिवाळ्यात मोडला. गॅरेज गार पडलं होतं, बुडबुडे थांबले होते, घरी पाहुणे यायचे होते. आकडा 1.020 वर अडला होता तरी मी बाटल्या भरल्या, त्यात नेहमीची साखर घातली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिल्या. बाटलीत साखर घालतात ती फेसासाठी. एकोणीस लिटरला एकशे दहा-वीस ग्रॅम पुरते. यीस्ट ती खातं आणि वायू बाटलीतच विरघळतो. पण माझ्या बाटल्यांत न खाल्लेली साखर आधीच पुष्कळ होती, आणि कपाट उबदार होतं. नवव्या रात्री पहिली बाटली फुटली. सकाळपर्यंत सात फुटल्या. कपाटाच्या लाकडी दारात काचेचा एक तुकडा बोटभर रुतलेला होता. ते दार उघडायला मी जाड कोट, हातमोजे आणि गॉगल घालून गेले आणि उरलेल्या बाटल्या एकेक करून टॉवेलात गुंडाळून रिकाम्या केल्या. त्या वेळी कपाटासमोर कुणी उभं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजूनही अंगावर काटा आणतो. या छंदातला खरा धोका हा आहे. विषबाधेची भीती लोक घालतात, ती सातूच्या बीअरला लागू नाही. विषारी दारूचे बळी जातात ते मिथेनॉल मिसळलेल्या किंवा भट्टीच्या दारूनं. इथे काही ऊर्ध्वपातन करायचंच नसतं, आणि घरात ते करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदीच घातलेली आहे.

"आणि या बीअरला परवानगी आहे ना गं? पोलीस नाहीत ना यायचे?" आईनं त्या दिवशी हळूच विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. अमेरिकेत 1920 ते 1933 अशी देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बीअरला मात्र मिळाली नाही. पुढची पंचेचाळीस वर्षं लोक गुपचूप बीअर करत राहिले. आमच्या पोर्टलंडच्या फ्रेड एकहार्ट यांनी 1970 च्या सुमारास घरी लागर बीअर करण्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हाही ते काम बेकायदाच होतं. ब्रिटननं 1963 मध्ये घरच्या बीअरसाठी लागणारा परवाना रद्द केला होता. इकडे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 14 ऑक्टोबर 1978 ला कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी 1979 पासून घरी बीअर करणं करमुक्त आणि कायदेशीर झालं. एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200 गॅलन, आणि विक्री अजिबात नाही. तरी राज्यांचे कायदे निराळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं वळायला 2013 साल उजाडलं.

त्या एका सहीनं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या अमेरिकेत बीअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते आणि बहुतेकांची बीअर एकाच पाणचट चवीची. कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पपेझियन हा शिक्षक घरी बीअर करायचे वर्ग घेत असे. त्यानं 1978 मध्येच अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन घरच्या बीअरचं साहित्य विकायचं छोटं दुकान चालवत होता. त्यानं 1980 मध्ये 'सिएरा नेवाडा' काढली आणि तिच्या पेल एलमध्ये कॅस्केड हॉप्स सढळ हातानं घातल्या. आज देशात नऊ हजारांच्या वर कारखाने आहेत, आणि त्यांपैकी कितीतरी कारखान्यांची सुरुवात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वीस लिटरच्या भांड्यात झाली. सरकारनं लोकांना आपल्या घरात चुका करू दिल्या, त्याचं हे फळ आहे असं मी मानते.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरात आणि स्वतःपुरतं असलं तरी. म्हणून पुण्या-मुंबईतल्या वाचकांनी वरचं वर्णन समजून घ्यायला वाचावं, करून पाहायला नाही. तिथे टाक्यांत ताजी बीअर होताना पाहायची तर मायक्रोब्रुअरी आहेत. पुण्यात 2009 मध्ये 'डुलाली'नं ती वाट पाडली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेल्या इंग्रजी शब्दाचं आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत, म्हणून डोकं फिरलेल्याला ते 'डुलाली' म्हणू लागले.

उन्हाळ्यात आपल्या हवेत बीअर बिघडणारच, असं मला पूर्वी वाटे. ते नॉर्वेतल्या 'क्वाइक' यीस्टनं खोडून काढलं. तिथल्या शेतकरी घरांत पिढ्यानपिढ्या जपलेलं हे यीस्ट तीस ते चाळीस अंशांत बिनतक्रार काम करतं आणि संत्र्यासारखा वास देतं. लाकडी कड्यांच्या साखळीवर किंवा फडक्यावर ते वाळवून पुढच्या खेपेपर्यंत ठेवत. एखाद्याचं बिघडलं तर शेजाऱ्याकडून मागून आणत, आपण वाटीभर विरजण आणतो तसं. मी गेल्या जुलैत छत्तीस अंशांच्या गॅरेजमध्ये ते वापरलं, पाच दिवसांत बीअर तयार झाली.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. घरी केली म्हणून बीअर औषध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अल्कोहोल असलेली पेयं कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. मी महिन्यातून एकदा करते, बरीचशी वाटते. ज्याला एका ग्लासवर थांबता येत नाही, त्यानं हा छंद लावून घेऊ नये.

आईनं ती बीअर प्यायली नाही, ती पीत नाही. पण चिपळूणला परत गेल्यावर तिनं मला फोनवर एक प्रयोग सांगितला, तो कुणालाही घरी करता येईल. नाचणीच्या साध्या पिठाची चांगली घट्ट पेज करा. ती पासष्ट अंशांपर्यंत, म्हणजे बोट टेकवताच चटका बसून मागे घ्यावं लागेल इतपत निवू द्या. मग मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ त्यात ढवळा आणि झाकून ठेवा. पाच-दहा मिनिटांत चमचा उभा राहणारी पेज पातळ धारेनं पडू लागते, आणि तासभर ऊब टिकली तर साखर न घालताही जराशी गोड लागते. पीठ मात्र न भाजलेल्या सत्त्वाचं घ्या. भाजल्यावर त्यातली एन्झाइम उरत नाहीत.